जुलमी राणी लिहायची तर आधी तिची प्रजा लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी तुम्ही अद्भुत कादंबरी लिहिताय आणि तिच्यात एक जुलमी राणी आहे. हस्तलिखित वाचलेल्या दोघीतिघींचं म्हणणं पडलं की राणीची भीती वाटतच नाही, ती मालिकेतल्या खाष्ट सासूसारखी वाटते. मग तिला एखादा दुःखाचा भूतकाळ द्यावा का? मुलं घाबरतील म्हणून तिचा क्रूरपणा कमी करावा का? आणि शेवटी तिला मारायचं कसं?

मुलांच्या पुस्तकांचं संपादन करणाऱ्या माणसाच्या टेबलावर ही राणी वारंवार येते. काळी वस्त्रं, निखाऱ्यासारखे डोळे, पहिल्याच पानावर विकट हास्य आणि दुसऱ्या पानावर कुणाची तरी रवानगी तळघरात. लेखकाची सगळी मेहनत तिच्या चेहऱ्यावर आणि संवादांवर झालेली असते. तिच्या राज्यात सकाळी उठून लोक काय करतात, कुणाशी बोलताना आवाज खाली आणतात, कोणतं नाव घेत नाहीत, याचा पत्ता नसतो. माझ्या मते दहशत तिथेच राहते. राणीवरची अर्धी पानं काढून ती प्रजेला द्या, राणी आपोआप मोठी होईल.

हे कसं करतात ते पाहायला सी. एस. लुईसची पांढरी चेटकीण घेऊ. 1950 साली आलेल्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ या पुस्तकात लंडनवर विमानहल्ले होत असताना खेड्यातल्या एका प्रोफेसरांच्या घरी पाठवलेली चार भावंडं, पीटर, सुसान, एडमंड आणि लूसी, एका कपाटातून नार्निया नावाच्या देशात पोचतात. तिथे शंभर वर्षं हिवाळाच चालू आहे आणि त्या हिवाळ्यात नाताळ कधी येत नाही. स्वतःला राणी म्हणवणाऱ्या चेटकिणीने तो देश असा गोठवून ठेवलाय.

आता ती वाचकाला पहिल्यांदा कळते कशी ते बघा. ती स्वतः दिसते तिसऱ्या प्रकरणाच्या अगदी शेवटी. तिची ओळख मात्र दुसऱ्याच प्रकरणात होते, आणि ती करून देतो मिस्टर टमनस नावाचा एक भिडस्त फॉन, म्हणजे वर माणूस आणि कमरेखाली बोकड. तो लूसीला घरी चहाला नेतो. मासे, टोस्ट, मध, केक अशी सरबराई करतो, गोष्टी सांगतो, बासरी वाजवतो, आणि मग एकाएकी ढसाढसा रडायला लागतो. कारण तो राणीचा पगारी माणूस आहे. कुणी मानवाचं पोर जंगलात दिसलं की गोड बोलून थांबवायचं आणि तिच्या हवाली करायचं, हे त्याचं काम. भिंतीवर त्याच्या वडिलांची तसबीर आहे. आपल्या वडिलांनी असलं काम कधीच केलं नसतं, असं तो म्हणतो.

हा प्रसंग मी कार्यशाळांमध्ये नेहमी वाचून दाखवतो, कारण यात राणी कुठेच नाही आणि प्रत्येक ओळीत तीच आहे. पकडून दिलं नाही तर काय होईल, हे टमनस सांगतो तेव्हा शिक्षाही किती नेमक्या आहेत पाहा: शेपूट कापतील, शिंगं करवतीने उतरवतील, दाढी उपटतील, दुभंगलेल्या खुरांचे घोड्यासारखे एकसंध खूर करून टाकतील, आणि फारच राग आला तर दगड. यातली एकही शिक्षा दुसऱ्या कुणाला लागू होणार नाही. जुलमी सत्ता माणसाला त्याच्या वर्मावर मारते, हे लुईसने व्याख्यान न देता सांगितलं. तुमची राणी सगळ्यांना सरसकट ‘तळघरात टाका’ म्हणत असेल तर ती आळशी आहे, आणि आळशी राणीला कोण भिणार?

लूसीला परत सोडायला जाताना टमनस तिला गप्प राहायला सांगतो. जंगलभर राणीचे हेर आहेत, काही झाडंसुद्धा तिच्या बाजूची आहेत. मुलांना मोठ्याने वाचून दाखवताना माझा अनुभव असा की जादूच्या कांडीला कुणी फारसं बिचकत नाही, पण ‘काही झाडंसुद्धा’ म्हटलं की वर्ग चिडीचूप होतो. ‘सगळी झाडं’ असतं तर परिणाम निम्मा झाला असता. कोणती झाडं ते माहीत नाही, म्हणून प्रत्येक झाडापाशी आवाज खाली येतो.

पुढे भावंडं टमनसच्या घरी जातात तेव्हा दार मोडलेलं, भांडी फुटलेली, वडिलांची तसबीर फाडलेली, आणि जमिनीवर ठोकलेली एक नोटीस. तिच्यात राणीच्या सगळ्या पदव्या आहेत: नार्नियाची राणी, केअर पॅराव्हेलची स्वामिनी, लोन आयलंड्सची सम्राज्ञी. राजद्रोहाचा आरोप आहे, शत्रूंना आसरा दिल्याचा, मानवांशी संगनमत केल्याचा. खाली सही मॉग्रिमची, हुद्दा ‘गुप्त पोलिसांचा कप्तान’. हा मॉग्रिम लांडगा आहे, पण लुईस त्याला इथे गुरगुरायला लावत नाही, त्याला सही करायला लावतो. महायुद्ध संपून पाचच वर्षं झाली होती. ‘गुप्त पोलीस’ हे शब्द पोराला वाचून दाखवणाऱ्या आईबापांना काय आठवण करून देत असतील, ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडे दवंडी आहे, पंचनामा आहे, चावडीवर डकवलेली नोटीस आहे. तुमच्या राणीला संवाद देण्याआधी तिची एक दवंडी लिहा, पोरांना खेळताना म्हणता येईल अशी ठसकेबाज. मुलं ती पाठ करतील आणि त्यांच्या नकळत राणी त्यांच्या तोंडी बसेल.

पुस्तकाचा उगम सांगताना लुईसने म्हटलंय की बर्फाळ जंगलातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला फॉन हे चित्र त्याच्या डोक्यात सोळाव्या वर्षापासून होतं. घसरगाडीवर बसलेली राणीही त्याच्या सुरुवातीच्या चित्रांत होती. तरी पुस्तकात आपल्याला आधी भेटतो तो फॉनच, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

आता ती स्वतः. तिचा पोशाख पांढरा, घसरगाडीला पांढरे रेनडिअर, चेहरा कागदासारखा पांढरा आणि ओठ लालभडक. एडमंडला पाहिल्यावर ती आधी दरडावते, कांडी उचलते, आणि तिथल्या तिथे बेत बदलते. आवाज मऊ होतो. किती गारठलायस रे बाळा, ये, बस इथे. अंगावर स्वतःचं पांघरूण घालते, काहीतरी गरम प्यायला देते आणि मग विचारते, खायला काय आवडेल. तो म्हणतो टर्किश डिलाइट, आणि हिरव्या रेशमी फितीने बांधलेला अख्खा डबा समोर येतो. ती मायावी मिठाई एकदा चाखली की जीव जाईपर्यंत खात राहावंसं वाटतं. तो खात असतो आणि ती विचारत असते: भाऊ किती, बहिणी किती, इथे आणखी कोण येऊन गेलं. तोंडात घास असताना तो सगळं सांगून टाकतो.

ब्रिटनमध्ये मिठाईवर 1942 मध्ये रेशन लागलं होतं आणि मध्ये काही महिने सोडले तर ते 1953 च्या फेब्रुवारीत उठलं. म्हणजे हे पान पहिल्यांदा वाचणाऱ्या पोरांच्या घरात मिठाई मोजून मिळत होती. पौंडाने मोजावी इतकी मिठाई एकट्याला, तीही भावंडांना न वाटता! एडमंड फितूर झाला याचा त्यांना राग आला असेल, पण तो का झाला हे विचारायची गरज कुणालाच पडली नसेल. मुलाला सोन्याच्या मोहरा देऊन फितवणाऱ्या राण्या मी पुष्कळ वाचल्यात. दहा वर्षांच्या पोराला मोहरांचं काय?

त्या आवाज बदलण्यातच तिची खरी दहशत आहे असं मला वाटतं. मोठ्या माणसाचा आवाज कामापुरता गोड झाला की मुलांना तो बरोबर ओळखू येतो. कांडी घरात कुणाकडे नसते, हा आवाज मात्र त्यांनी ऐकलेला असतो. नंतर एडमंड भावंडांना सोडून एकटाच तिच्या वाड्यावर पोचतो तेव्हा मिठाई मागितल्यावर त्याच्यापुढे लोखंडी ताटात कोरडा पाव येतो आणि लोखंडी भांड्यात पाणी. लेखक त्यावर काहीही भाष्य करत नाही.

आणखी एक जागा दाखवतो, कारण राणी किती क्रूर असावी या तुमच्या शंकेचं उत्तर तिथे आहे. तिचा जोर ओसरू लागलाय, इतक्या वर्षांनी नाताळबाबा देशात येऊन गेलाय. वाटेत खारी आणि त्यांची पोरं, एक म्हातारा कोल्हा अशी मंडळी झाडाखाली टेबल मांडून सणाचं जेवण जेवताना तिला दिसतात. खायला कुणी दिलं विचारते, नाताळबाबाने म्हटल्यावर बिथरते, आणि कांडी फिरवते. जेवणाऱ्यांचे पुतळे होतात. घास तोंडाजवळ तसाच राहतो. एडमंड हे पाहतो, आणि लुईस लिहितो की या गोष्टीत पहिल्यांदाच त्याला स्वतः सोडून दुसऱ्या कुणाची तरी कीव आली. संपूर्ण पुस्तकाचा सांधा त्या वाक्यावर बदलतो. क्रूरपणाचा प्रसंग कुणाला तरी बदलत असेल तर ठेवा, कितीही कठोर असला तरी. राणी दुष्ट आहे एवढंच पुन्हा सांगत असेल तर सौम्य असला तरी काढा.

राणीला भय हवं, हेही याच पुस्तकातून शिकावं. केअर पॅराव्हेलच्या किल्ल्यात चार सिंहासनं रिकामी आहेत. मानवाचे दोन मुलगे आणि दोन मुली तिथे बसले की तिची सत्ता संपेल आणि तिचा जीवही जाईल, अशी जुनी भाकणूक आहे. झाडांचे कान, टमनसची चाकरी, मॉग्रिमची फौज, एडमंडला ‘भावंडांना घेऊन ये’ असं पुन्हापुन्हा सांगणं, हा सगळा पसारा त्या एका भीतीतून उभा राहिलाय. बर्फ वितळायला लागल्यावर तिचा चाकर बुटका म्हणतो, हा नुसता वितळा नाही, हा वसंत आहे, हे अस्लानचं काम. (अस्लान म्हणजे नार्नियाचा खरा स्वामी असलेला सिंह.) तेव्हा ती काय करते? पुन्हा ते नाव घ्याल तर जिवे मारीन, म्हणते. वसंत थांबवता येत नाही म्हणून नावावर बंदी! तुमच्या राणीला कशाचं भय आहे हे एका ओळीत लिहून भिंतीला लावा. तिचे सगळे कायदे त्या ओळीतून निघाले पाहिजेत.

मात्र बर्फ उचलू नका. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना बर्फ म्हणजे सहलीची मजा. नाताळाविना हिवाळा हे तिकडच्या मुलाचं मोजमाप आहे. आपल्याकडचं राज्य असं असू शकेल जिथे वैशाख संपतच नाही: रोज दुपारी आभाळ भरून येतं, वारा सुटतो, मातीचा वास येईल येईल असं वाटतं, आणि थेंब पडत नाही. हे नुसतं सुचवतोय. याहून चांगलं तुम्हाला सुचेल.

सासूच्या तक्रारीकडे वळतो. तुमच्या वाचकांनी मर्मावर बोट ठेवलंय. आपल्या कहाण्यांतल्या राण्या आठवा. आटपाट नगरातल्या आवडत्या राणीने नावडतीचा छळ केला तरी तिची सत्ता राजाच्या मर्जीतून आलेली असते. कैकेयीलाही जे हवं ते दशरथाकडे मागावं लागतं. भांडण सवतीचं, पोराच्या गादीचं, घरातलं. ग्रिम बंधूंच्या हिमगौरीची राणीही याच जातीची: आरशाला आपलं रूप विचारणारी. (1812 च्या पहिल्या आवृत्तीत ती सख्खी आई होती, 1819 मध्ये ग्रिम बंधूंनी तिची सावत्र केली. घरातल्या भयाची धार कमी करायची गरज त्यांनाही वाटली.) मालिकेतली सासू ही याच वंशातली शेवटची. तुमची राणी रूपावरून, मत्सरावरून, सवतीवरून चिडत असेल तर सिंहासनावर बसवूनही ती माजघरातच राहणार. नार्नियाच्या चेटकिणीला नवरा नाही, सवत नाही, आरसा नाही. तिला हेर, कायदे, सैन्य आहे. तिला राज्य आहे.

आपल्या बाजूने इथे एक सोय आहे. बाईने एकटीने राज्य चालवलं यात मराठी मुलाला नवल वाटत नाही. ताराबाई, अहिल्याबाई त्याने शाळेच्या पुस्तकात वाचलेल्या असतात. अहिल्याबाईंची आठवण घाटांतून, विहिरींतून, धर्मशाळांतून राहिली, म्हणजे कारभारातून. मग जुलमी राणीचीही खूण कारभारातूनच उमटायला हवी: कुठली विहीर बुजवली, कुठल्या रस्त्यावर नाकं बसवलं, कुठला बाजार बंद केला. एक टीका मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. या जुन्या इंग्रजी पुस्तकांत सत्ता गाजवणारी प्रौढ बाई पुष्कळदा खलनायिकाच असते, आणि चांगल्या राण्या बहुधा मुली असतात. लूसी आणि सुसान राण्या होतात तेव्हा त्या लहानच आहेत. हा आक्षेप मला रास्त वाटतो. तुमच्या कादंबरीत दुसरी एखादी कर्ती, मोठी, शहाणी बाई असेल तर तो आपोआप सुटतो. त्यासाठी राणीला मवाळ करू नका.

ओरडणाऱ्या राणीबद्दल. तुम्ही दिलेल्या उताऱ्यात तुमची राणी सारखी किंचाळते. किंचाळणारी राणी असू शकते, पण मग ती विनोदी हवी. 1865 च्या ‘अ‍ॅलिस’मधली बदामाची राणी दर मिनिटाला कुणाचं तरी डोकं उडवायचा हुकूम सोडते. पांढरी गुलाबाची झाडं चुकून लागली म्हणून माळी घाईघाईने फुलं लाल रंगवत बसलेत. क्रोकेच्या खेळात बॅटीऐवजी फ्लेमिंगो, चेंडूऐवजी हेजहॉग हे छोटे काटेरी प्राणी. खटल्यात आधी शिक्षा मग निकाल, असा तिचा आग्रह. आणि राजा मागून हळूच सगळ्यांना माफी देऊन टाकतो! ग्रिफिन तर अ‍ॅलिसला सांगूनच टाकतो की हे सगळं तिच्या मनातलं, इथे कुणालाच मारत नाहीत. ‘अ‍ॅलिस’चा लेखक लुईस कॅरल याने 1887 मध्ये लिहिलं की ही राणी त्याने अनावर, आंधळ्या संतापाचं रूप म्हणून कल्पिली होती. संतापाला योजना नसते, म्हणून त्याला हसता येतं. शेवटी अ‍ॅलिस मोठी होत जाते आणि म्हणते, तुम्ही तर नुसते पत्ते आहात. संपलं राज्य.

रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आपल्याकडे या धाटणीची. दिलीप प्रभावळकरांनी ती रंगवली, पुढच्या पिढीत वैभव मांगले यांनी. नाट्यगृहात पोरं तिला घाबरून किंचाळतात आणि त्याच दमात खिदळतात, तिला परत यायला लावतात. हे मिश्रण रंगमंचावर नट तोलून धरतो. कागदावर नट नसतो. गंभीर कादंबरीत राणी किंचाळायला लागली की वाचक तिच्यापासून सुरक्षित अंतरावर जातो. म्हणून ठरवा: हसवायचं आहे की धाक घालायचा आहे. दोन्ही साधणारे लेखक असतात, पण पहिल्या कादंबरीत तो हट्ट नको.

मला स्वतःला सर्वांत आवडणारी जुलमी राणी कुजबुजते सुद्धा नाही, ती युक्तिवाद करते. लुईसच्याच 1953 च्या ‘द सिल्व्हर चेअर’मध्ये भूमीखालच्या राज्याची एक राणी आहे, हिरव्या वस्त्रातली. नार्नियाच्या राजपुत्राला तिने मंत्राने बांधून ठेवलंय. रोज रात्री एक तास तो शुद्धीवर येतो, आणि तेवढा वेळ त्याला रुपेरी खुर्चीला जखडलेलं असतं. त्या शुद्धीच्या तासालाच वेडाचा झटका म्हणतात, आणि त्याचाही त्यावर विश्वास बसलाय. त्याच्या शोधात आलेली मुलं त्याला सोडवतात तेवढ्यात राणी येते. चिडत नाही. विस्तवात हिरवी पूड टाकते, गोड वास पसरतो, एक वाद्य छेडत राहते, आणि शांतपणे विचारते: सूर्य? तो काय असतो? दिव्यासारखा, म्हणता? म्हणजे तुम्ही दिवा पाहिला आणि त्याहून मोठा दिवा मनात कल्पिलात. सिंह? मांजर पाहिलंत आणि मोठं मांजर कल्पिलंत. हळूहळू सगळे कबूल करत जातात की सूर्य नव्हताच कधी.

जुलमाचं याहून नेमकं चित्र बालसाहित्यात मी वाचलेलं नाही. कैद्याने स्वतःच्या तोंडाने कैद नाकारायची! आणि ते मोडतं कसं? पडल्‌ग्लम नावाचा सदा रडका, वाईटच होणार म्हणणारा दलदलीतला प्राणी उठतो आणि अनवाणी पायाने विस्तव तुडवतो. पाय भाजतो, गोड वास जाऊन जळका वास येतो, डोकी ताळ्यावर येतात. आणि राणीचा तो मंजुळ आवाज त्याच क्षणी बदलतो. तिने शिव्या घातलेल्या त्या एकाच ओळीचं वजन तुमच्या राणीच्या दहा किंकाळ्यांहून जास्त आहे.

दुःखाच्या भूतकाळाबद्दल माझं उत्तर नकाराकडे झुकतं, पण त्याला एक अपवाद आहे आणि तो लुईसनेच दाखवलाय. पांढऱ्या चेटकिणीचा भूतकाळ त्याने पाच वर्षांनी, 1955 च्या ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’मध्ये सांगितला. चार्न नावाचं मेलेलं शहर. दालनात राजाराण्यांच्या निश्चल मूर्ती ओळीने बसलेल्या: सुरुवातीचे चेहरे मायाळू, पुढे करडे, पुढे निर्दय. ओळीच्या टोकाला जेडिस, म्हणजे हीच. सख्ख्या बहिणीशी गादीसाठी युद्ध झालं, हरायची वेळ आली, तेव्हा तिने एक असा शब्द उच्चारला की बोलणारी सोडून सगळं जिवंत जग संपलं. डिगरी नावाचा मुलगा विचारतो, पण तुमची प्रजा? साधी माणसं? तिला प्रश्नच कळत नाही. ती माझीच माणसं होती, माझी इच्छा पाळण्यावाचून त्यांचं दुसरं काम काय होतं, असं तिचं म्हणणं. आणि दोष? बहिणीचा. तिने गादी सोडली असती तर हे झालंच नसतं.

बघा, भूतकाळ दिला पण तो तिच्या तोंडून दिला. तिची बाजू ऐकल्यावर ती जास्त भयंकर वाटते, आणि त्या मूर्तींच्या ओळीमुळे हे एका पिढीत घडलं नाही हेही कळतं. तुमच्या राणीला लहानपणी कुणीतरी दुखावलं होतं म्हणून ती अशी झाली, एवढंच सांगायचं असेल तर नको. मुलं ताबडतोब हिशेब मांडतात: दुखावलं गेलेलं कोण नाही आमच्यात? भूतकाळ हवाच असेल तर तो राणीने सांगावा, आणि त्यातून काय वगळलं ते वाचकाला दिसावं.

त्याच पुस्तकात जेडिस लंडनमध्ये येते, बग्गीवर उभी राहून रस्ता गाजवते आणि गर्दी तिची टिंगल करते, कारण तिची जादू तिथे चालत नाही. (ही कल्पना ई. नेसबिटच्या 1906 च्या ‘द स्टोरी ऑफ द अ‍ॅम्युलेट’मधल्या, लंडनला येऊन ब्रिटिश म्युझियममधल्या वस्तू आपल्याच म्हणणाऱ्या बाबिलोनच्या राणीची आठवण करून देते.) जिचा हुकूम मानणारं कुणी नाही ती राणी विनोदी होते. प्रजेबद्दलचा माझा हेका इथेही तुम्हाला ऐकू येत असेल.

मुलं घाबरण्याबद्दल लांबण लावत नाही. लुईसने 1952 मध्ये लिहिलेल्या एका लेखात म्हटलंय की मुलांना पुढे क्रूर शत्रू भेटणारच आहेत, तर शूर वीरांच्या गोष्टी तरी त्यांच्या कानावर पडू द्या. मला ते पटतं. आठ वर्षांखालच्या मुलाला सोबत बसून वाचून दाखवावं, मोठ्यांना एकट्याने वाचू द्यावं. भीतीपेक्षा रटाळपणाने जास्त मुलं पुस्तकापासून तुटतात.

आता शेवट. तुम्ही म्हणता राणीचं मरण अख्खं प्रकरणभर चालतं. कापा. पांढऱ्या चेटकिणीवर सिंह झेप घेतो आणि ती खाली जाते, इतकंच. मरणाहून महत्त्वाची गोष्ट त्याआधी घडलेली असते. इतर जण थेट तिच्यावर धावून जातात आणि दगड होतात. एडमंड तिची कांडी तोडतो. ती कांडी काय करते हे त्याने खारींच्या पंगतीत जवळून पाहिलं होतं. फितूर झालेल्या मुलालाच राणीचं वर्म ठाऊक असणं, ही रचना इतकी चोख आहे की मला तिचा हेवा वाटतो. भूमीखालची राणी मात्र शेवटी साप होते आणि मग तिला मारतात. बाईला मारावं लागलं नाही हे बरं झालं, असं राजपुत्र बोलूनही दाखवतो. ही लेखकाने स्वतःची करून घेतलेली सोय आहे, आणि इतक्या जबरदस्त प्रसंगानंतर ती खटकते. तुम्ही ती घेऊ नका.

मारलंच पाहिजे असंही नाही. 1844 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँडरसनच्या हिमराणीला कुणी हरवतच नाही. राणीने नेलेल्या काई या मित्राला न्यायला गेर्डा नावाची मुलगी येते तेव्हा राणी उष्ण देशांतल्या ज्वालामुखींवर बर्फ पसरायला गेलेली असते. मुलगा सुटतो, राणी आहे तिथे आहे.

राणी गेल्यावर तिची यंत्रणा जाते का, हे मात्र लिहाच. नार्नियाच्या नव्या राजाराण्यांचा सुरुवातीचा बराच काळ चेटकिणीच्या उरल्यासुरल्या फौजेला हुडकण्यात गेला, असं लुईस दोन ओळींत सांगून टाकतो. तुमच्याकडे कापलेल्या प्रकरणाची जागा आहे. दवंडी पिटणारा आता काय पिटतो? नाक्यावरचा शिपाई कुणाचा हुकूम मानतो? ज्याने शेजाऱ्याची चहाडी केली तो त्याच शेजाऱ्याच्या दारावरून रोज बाजाराला जातो, तेव्हा काय बोलतो? ते प्रकरण आधी लिहा, आणि मग पहिल्या प्रकरणाला हात घाला. पहिल्या तीन प्रकरणांत राणी समोर येऊ देऊ नका.